विरलेलं कापड

सांगलीच्या दवाखान्यात माझ्या भावाचं बायपास होतं, तेव्हा एक शिंपी माझ्या शेजारी बाकावर बसला होता. रहिमतपूरचा. गळ्यातली टेप काढायचंही त्याला भान नव्हतं. सारखा तिचं टोक बोटाला गुंडाळत होता. आत त्याच्या बायकोची फाटलेली महाधमनी शिवत होते.

दुपारी सर्जन बाहेर आले. म्हणाले, "कृत्रिम नळी जोडली, पण धमनी इतकी पातळ झाली होती की टाकेच धरेनात. त्या गेल्या."

मी त्याच्या जागी असतो तर गचांडी धरली असती. तो म्हणाला, "विरल्यालं कापड सुई लागंल तितं फाटतंय, सायेब. तुमचा काय दोस न्हाई."

नर्सनं त्याच्या बायकोचा ब्लाउज आणून दिला. भरती करताना कात्रीनं कापलेला, त्यानंच शिवलेला. तो शिवणींवरून अंगठा फिरवत राहिला. एकही टाका उसवला नव्हता.