नणंदबाई आणि ‘अज्ञात कारागीर’

संग्रहालयात जाऊन वस्तूंकडे पाठ आणि पाट्यांकडे तोंड करून उभी राहणारी बाई अख्ख्या पुण्यात एकच असेल, आणि ती माझ्या घरमालकीणबाईंची नणंद आहे. मी कसबा पेठेत घरमालकीणबाईंच्या वरच्या खोलीत राहायचे आणि जवळच्या एका छोट्या संग्रहालयात वस्तूंखालच्या पाट्या लिहायचे. नणंदबाई खालीच राहायच्या, म्हणजे घरी आणि कामावर, दोन्हीकडे मी त्यांच्या तावडीत. त्यांना चांगलं भारदस्त नाव होतं, पण मी ‘नणंदबाई’ म्हणायला लागले, मग आमचा दारावरचा रक्षक म्हणायला लागला आणि शेवटी संग्रहालयाचे प्रमुख, आमचे साहेबही. दोष काढण्याच्या बाबतीत त्यांनीही हे नातं सगळ्यांशी सारख्याच निष्ठेने निभावलं.

दर गुरुवारी बरोबर अकराला त्या यायच्या. शाळेत जन्मभर मराठी शिकवलेलं, त्यामुळे पिशवीत भिंग आणि लाल पेन्सिल. पेन्सिल रक्षक दारातच काढून घ्यायचा, कारण एकदा त्यांनी माझ्या पाटीवरचा ऱ्हस्व उकार जागच्या जागी दीर्घ केला होता. चपला मात्र त्या आपणहून दारात काढत. “आजी, इथे चपला चालतात,” रक्षक म्हणाला. “चालत असतील. आत लोकांच्या घरातल्या वस्तू आहेत. मी लोकांच्या घरात चपला घालून जात नाही.” यावर त्या बिचाऱ्याने पुढचे दोन दिवस स्वतःच्या बुटांकडे संशयाने पाहिलं.

मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “तू गोंदियाकडची ना? तुझ्या घरचं इथे काय आहे?” मी आजूबाजूला पाहिलं. सरदारांच्या तलवारी, सावकारांचे अडकित्ते, कुणाकुणाच्या पैठण्या. म्हटलं, “काहीच नाही.” “मग ‘आपला वारसा’ असं दारावर कुणाच्या वतीने लिहिलंय?” हाच प्रश्न त्या दूधवाल्याला, शिंप्याला, कर्वेनगरातल्या भाच्याच्या संगणकवाल्या मित्रांना विचारायच्या आणि मिळेल त्याला धरून आणायच्या. एका गुरुवारी तर ज्या रिक्षातून आल्या त्या रिक्षावाल्यालाच आत घेऊन आल्या. तो कंदिलांच्या कपाटापुढे अर्धा तास रमला आणि फाटकात उभ्या केलेल्या त्याच्या रिक्षामागे साहेबांची गाडी अडकून पडली. साहेबांनी मला बोलावलं. “तुमच्या त्या नणंदबाई! पुढच्या गुरुवारपासून त्यांना आत सोडायचं नाही. तुम्हीच सांगा त्यांना.”

मला ते सांगवेना. बुधवारी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. गुरुवारी अकराला फाटकात गलका ऐकू आला म्हणून धावले, तर नणंदबाई आणि त्यांच्यासोबत साठीची एक बाई. बुरूड आळीत बांबूच्या टोपल्या विणून विकणारी. तिच्या हातात बांबू चिरायची कोयती, आणि ती पाहून रक्षक दोघींच्या आडवा उभा. “अगं, हिला कामावरनं तशीच उचलून आणलंय,” नणंदबाई म्हणाल्या. “तुझी ती ‘अज्ञात’ टोपली दाखवायचीय.” तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी कोयती रक्षकाकडे ठेवायला लावली आणि दोघींना आत नेलं. नोकरी नवी होती आणि मी साहेबांचा हुकूम मोडला होता.

कपाटात एक जुनी टोपली होती. खाली माझ्याच अक्षरात पाटी: ‘फुलांची परडी. अज्ञात कारागीर.’ ती बाई वाकून बघत राहिली. मग हसली. “ताई, ही परडी नव्हं. रोवळी हाय ही, तांदूळ धुवायची. फुलं ठेवायला एवढ्या फटी कशाला लागतील?” आणि मग तिचं हसू थांबलं. तिने काचेवर बोट टेकवलं. “काठ डावीकडनं वळलाय. आमच्या सासूबाई डावऱ्या होत्या. आळीत असा काठ त्या एकट्याच वळायच्या.”

मागे साहेब येऊन उभे होते. चेहरा रागाचाच, पण शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं होतं. “कशावरून?” त्यांनी विचारलं. बाई फाटकाशी गेली, कोयती घेतली, आमच्या एका कार्यक्रमाच्या मांडवाचा उरलेला बांबू तिथे पडला होता तो चिरला आणि जमिनीवर बसून दोन काठ वळले. एक उजव्या हाताने, सगळे वळतात तसा. दुसरा, सासूबाईंचा बघून बघून शिकलेला, उलटा. साहेबांनी चष्मा काढला आणि इस्त्रीच्या पँटसकट ते तिच्याशेजारी मातीत बसले. कपाटातली रोवळी मागवून कितीतरी वेळ ते तिन्ही काठ ताडून पाहत होते. शेवटी म्हणाले, “नाव काय सासूबाईंचं?”

“गोदाबाई,” ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. “त्यांचं नाव कुनी इचारलंच नव्हतं कधी.”

गोदाबाईंच्या नावाची पाटी मी त्याच दुपारी लिहिली. नणंदबाईंवरच्या बंदीचा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही. उलट महिन्यातला एक रविवार त्यांनी पेठांमधल्या लोकांसाठी ठेवला. लोकांनी यायचं, कोठारातल्या वस्तू हातात घ्यायच्या आणि आम्हाला शिकवायचं. अशाच एका रविवारी नणंदबाईंनी माझ्याकडे राहायला आलेल्या माझ्या आईला आणलं. आई पुण्यात तीनदा येऊन गेली होती, पण मी तिला संग्रहालय दाखवलं नव्हतं. तिची बोली इथे कुणी ऐकेल याची मला लाज वाटायची. आई भिंतीपुढे थांबली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “हे सूप उलटं काहून टांगलं व?” सगळे वळले. माझे कान तापले. साहेब मात्र स्टूल घेऊन आले आणि सूप सुलटं करत म्हणाले, “आणखी काय चुकलंय, आई?” त्यानंतर तासभर ती धान पाखडण्याबद्दल बोलत होती, नणंदबाई शब्द न् शब्द उतरवून घेत होत्या, आणि पाटी लिहिताना मी तिची बोली पुसली नाही.

आता नणंदबाई गुडघ्यांमुळे कर्वेनगरला भाच्याकडेच राहतात. जिना उतरवत नाही. गेल्या महिन्यात मी जाऊन त्या रविवारांमधून उभं राहिलेलं नवं दालन त्यांना फोनवर दाखवलं. त्यांनी भिंगातून फोटो पाहिले आणि तीन चुका काढल्या. निघताना मी एकदाचं बोलून टाकलं, “तुम्ही नसता तर मी माझ्याच आईला दाराबाहेर ठेवत राहिले असते. तुमचे उपकार...”

“आभारप्रदर्शन समारंभात करतात,” त्या म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्यांत कोणी काय बोलत होतं ते आम्हां दोघींनाही कळत नव्हतं. त्यांची नजर पडद्यावर होती, पण माझं मनगट त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं. मी उठले नाही. त्यांनीही बराच वेळ सोडलं नाही.