घ्यामामा

चष्म्याच्या दुकानात त्याला सगळे ‘साहेब’ म्हणत. पांढरा कोट घालून, दिवे मंद केलेल्या केबिनमध्ये तो लोकांना अक्षरं वाचायला लावायचा, आणि अक्षरं वाचता न आलेला माणूस समोरच्याला आपोआप साहेब म्हणू लागतो. घरी मात्र तो घ्यामामा होता. बहिणीच्या मुली घ्यामामा म्हणत, त्यांच्या मैत्रिणी म्हणत, आणि थोरलीच्या लग्नात तर नवऱ्याकडच्या एका वयस्कर गृहस्थांनी अगदी अदबीनं, “घ्यामामा, तुम्ही जेवलात का?” असं विचारलं होतं. त्यांना बिचाऱ्यांना ते आडनाव वाटलं.

हे नाव दाजींची देणगी. दाजी म्हणजे ताईचे यजमान. फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे करण्यात त्यांची हयात गेली. केसाएवढा फरक ते अंगठ्याच्या पेरानं ओळखायचे आणि ओळखला की चारचौघांत सांगायचे. लाकडाच्या बाबतीत हा गुण होता. माणसांच्या बाबतीत त्याला काय म्हणायचं हे घरात कुणी ठरवलं नव्हतं. ठरवायचं म्हणजे दाजींना सांगावं लागलं असतं.

दर रविवारी दाजी गावाबाहेरच्या माळावर विमान उडवायचे. इंजिन नसलेलं, दीड मीटर पंखांचं, एखाद्या जाड पुस्तकाहून हलकं. पंखाच्या टोकाला एक बारीक खुंटी असते. ती दोन बोटांत धरायची, थाळीफेक करणाऱ्यासारखी स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची आणि द्यायचं सोडून. विमान सुसाट वर जातं आणि आपल्या हातात उरतो रिमोट. पुढं सगळी हवेची मर्जी. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात, त्याला ही मंडळी थर्मल म्हणतात. थर्मल सापडला तर त्यात गोल गोल फिरवत विमान पार ठिपका होईपर्यंत चढवता येतं. नाही सापडला तर पाणी प्यायला बाटली उघडेपर्यंत ते पायाशी येऊन पडतं.

या खेळाचा एकच कडक नियम: विमानावरची नजर काढायची नाही. शिंक आली तरी नाही, बायकोनं हाक मारली तरी नाही. वर सगळे ठिपके सारखेच दिसतात. एकदा नजर सुटली की आपला ठिपका कुठला ते देवालाही विचारून उपयोग नाही. म्हणून प्रत्येकाशेजारी एक जोडीदार उभा असतो. उडवणाऱ्यानं वर बघायचं, जोडीदारानं बाकी सगळीकडे. आणि अगदीच गोंधळ उडाला तर उडवणाऱ्यानं रिमोट पुढे करून ‘घे’ म्हणायचं. मग जोडीदार विमान सांभाळून उतरवतो, पण ती फेरी बाद. न सांगता दुसऱ्याच्या रिमोटला हात लावणं म्हणजे परक्याच्या ताटात हात घालणं.

घ्यामामा, म्हणजे दाजींचा मेहुणा, हा खेळ त्यांच्याच हाताखाली शिकला. दाजी वडीलधारे, त्यामुळे तो ‘घे’ न म्हणता ‘घ्या’ म्हणायचा. पहिल्या वर्षी तर विमान हातातून सुटायच्या आत म्हणायचा. दाजी शांतपणे विमान उतरवायचे आणि दुपारी जेवणाच्या टेबलावर उभं राहून त्याची नक्कल करायचे. गुडघे एकमेकांवर आपटायचे, आवाज चिरका करायचे, हातातली वाटी समोरच्याच्या नाकाशी न्यायचे: “घ्या, दाजी, घ्या! दिसत नाहीये, दाजी, दिसत नाहीये!” मुली हसून हसून लोळायच्या. ताई “पुरे हो,” म्हणायची आणि स्वतःच पदरात तोंड लपवायची. तोही हसायचा. न हसणाऱ्याला दाजी जास्त वेळ देत असत.

ही नक्कल वीस वर्षं चालली. एव्हाना तो चांगला उडवायला लागला होता; वार्षिक स्पर्धेत दाजींच्या मागोमाग दुसरा यायचा. नकलेत मात्र काडीचा बदल झाला नव्हता. दाजींनी स्वतः आयुष्यात एकदाही ‘घे’ म्हटलेलं नव्हतं, आणि हे ते वरचेवर सांगत. दुसऱ्या कुणाला मोठं घर हवं असतं, कुणाला परदेशवारी. याला एकच हवं होतं: भर मैदानात, सगळ्यांसमोर, दाजींनी रिमोट पुढे करून त्याला ‘घे’ म्हणावं. एकदाच. पुढं मेलं तरी चालेल. कोण मेलं तर, हे त्यानं नक्की केलं नव्हतं.

त्या वर्षी स्पर्धेच्या दोनेक महिने आधी दाजी दुकानात आले.

“नंबर वाढलेला दिसतोय. बघ जरा, तुझ्या ताईला कळू न देता. आणि ती गिऱ्हाइकांना लावतोस तसली बरणीची बुडं मला नकोत.”

त्यानं काचा बदलून बदलून पाहिल्या. कुठलीच काच लागू पडेना. दाजी अक्षराकडे सरळ बघायचे तेव्हा त्यांना दिसायचं नाही. मान थोडी तिरकी केली की कडेनं सापडायचं. उजवा डोळा तर मध्यभागी केव्हाच गेला होता, त्याचा दाजींना पत्ताही नव्हता, कारण सगळं काम डावा एकटा ओढत होता. आता डावाही त्याच वाटेला लागला होता. त्यानं चौकोनांच्या जाळीचा कागद काढला. मध्ये एक ठिपका, भोवती सरळ उभ्याआडव्या रेघा.

“ठिपक्याकडे बघा, दाजी. रेघा कशा दिसतायत?”

दाजींनी कागद डोळ्यांपुढे धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. चूक सापडली की त्यांचा चेहरा असाच उजळायचा.

“मधल्या रेघा वाकड्या आहेत की रे! पोट आलंय त्यांना. कुठल्या गाढवानं छापलंय हे? आणि असला कागद दाखवून तू लोकांचे डोळे तपासतोस?”

ज्याला या जाळीच्या रेघा वाकड्या दिसतात त्याला त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात धाडायचं असतं. वेळेवर इंजेक्शनं मिळाली तर आहे ती नजर बरीचशी टिकते. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तसं लिहिलेलं पोस्टर दाजींच्या डोक्यामागेच लावलेलं होतं, मोठ्या अक्षरांत, अगदी दाजींनाही वाचता आलं असतं इतक्या.

त्यानं पोस्टरकडे पाहिलं. मग दाजींकडे.

“हो, दाजी,” तो म्हणाला. “छपाईच चुकलीय.”

“मग परत कर त्याला! फुकट घेतलास काय?”

“करतो. तुमचा नंबर थोडासाच वाढलाय.”

त्यानं जुन्याच नंबरच्या नव्या काचा त्यांच्याच फ्रेममध्ये बसवून दिल्या. दाजी आरशात बघून म्हणाले, “आता कसं लख्ख दिसतंय!” आणि त्याला खरोखरच समाधान वाटलं. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं की त्याला नेहमीच वाटायचं.

स्पर्धेच्या दिवशी ऊन कडक होतं, आभाळ धुतल्यासारखं. म्हणजे थर्मल भरपूर, आणि ठिपका शोधायला ढगाचा आधार नाही. दाजींचा जोडीदार अर्थातच तो होता. त्याच्या फेरीला दाजी, दाजींच्या फेरीला तो, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. ताई छत्री घेऊन घडीच्या खुर्चीवर बसली होती. वेळ लावायला क्लबातला वकील होता. त्याचा आवाज कोर्टात कुणी ऐकत नसे, त्याची भरपाई तो माळावर करायचा.

दाजींनी गिरकी घेतली. फेक अजून तरुण होती. विमान वर गेलं, सरळ झालं, आणि लगेच त्याचा उजवा पंख उचलला गेला. तिकडे थर्मल होता. दाजींनी ते डोळ्यांनी पाहिलं की बोटांनी ओळखलं कोण जाणे, पण विमान बरोबर आत घातलं आणि चढवायला सुरुवात केली. मान मात्र कोंबडीसारखी तिरकी. वकील म्हणाला, “दाजी, मानेला उसण भरली का?”

“तुझ्याकडे बघावं लागू नये म्हणून,” दाजी म्हणाले. लोक हसले.

थोड्या वेळानं त्याच थर्मलमध्ये एक घार आली. यात नवल काही नाही. या लोकांना थर्मल सापडतो तो बऱ्याचदा घारी बघूनच. दोन ठिपके एकमेकांभोवती फिरत वर चढू लागले. मग लांब गेले, जवळ आले, एकमेकांवरून गेले. दाजींचे अंगठे क्षणभर थबकले. वीस वर्षांत मेहुण्यानं ते असे थबकलेले पाहिले नव्हते. त्यानं हात मोकळे केले. आता म्हणणार.

दाजी ओठ न हलवता, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “डावीकडचं आपलं ना रे?”

डावीकडे घार होती.

“हो, दाजी,” तो म्हणाला. “छान चाललंय. असंच गोल ठेवा.”

आपण हे का बोललो, याचं उत्तर त्याच्यापाशी तेव्हाही होतं. गोंधळ वाढावा, म्हणजे दाजींना म्हणावंच लागेल. हिशेब साधा होता. चूक एवढीच झाली की त्याचा शब्द दाजींनी खरा धरला, आणि खरा धरल्यावर त्यांचा गोंधळच संपला. त्यांचे खांदे सैल झाले. ते आयुष्यातली सगळ्यात देखणी फेरी उडवू लागले. घारही अशी समजूतदार की डावीकडे वळवली की डावीकडे वळत होती. विमान मात्र थर्मलमधून केव्हाच बाहेर पडून, वाऱ्याबरोबर, रेल्वेच्या रुळांपलीकडे निघालं होतं.

आधी एकाच्या लक्षात आलं, मग दुसऱ्याच्या. सगळे रुळांकडे बघायचे, मग दाजींकडे. सांगायचं जोडीदारानं, असा रिवाज, म्हणून सगळे जोडीदाराकडेही बघायचे. जोडीदार वर बघत होता. शेवटी वकिलाला राहवेना.

“अहो, दाजी घार उडवतायत!”

मैदान खदखदलं. ताई, काय झालं ते न कळताच, सवयीनं हसली. आणि नेमक्या त्याच वेळी घारीनं पंख मारले. दोनदा, आळसावून, आणि खाली कशावर तरी झेपावली. कडेनं बघणाऱ्याला बाकी काही दिसो न दिसो, हालचाल चांगली दिसते.

मेहुण्याचे दोन्ही हात पुढे होते. दाजींनी ते पाहिले. रिमोट त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला, बंद केला, गळ्यातला पट्टा काढला.

“वेळ किती?”

“अजून चालू आहे, दाजी.”

“बंद कर,” दाजी म्हणाले. ‘घे’ म्हणाले नाहीत.

विमान दुसऱ्या दिवशी एका गोदामाच्या छपरावर सापडलं. ओरखडाही नव्हता. स्वतःच्या मनानं उतरताना त्यानं दाजींपेक्षा बरंच सफाईदार काम केलं होतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात ताईनं दोघांनाही नेलं. नवरा आंधळा होत असला तर भाऊ बरोबर हवा, तोही त्याच धंद्यातला. डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली आणि जाळीचा कागद दाजींच्या पुढे धरला.

“रेघा कशा दिसतायत, आजोबा?”

“तुमचाही छापखाना तोच वाटतं,” दाजी म्हणाले. “मध्ये तर आता काहीच छापलेलं नाही.”

“छपाई ठीक आहे. दोन महिने आधी आला असता तर इंजेक्शनं देता आली असती. आता फारसा उपयोग नाही. याआधी कुणी तपासलं होतं?”

दाजींनी कागद खाली ठेवला. अंगठ्याच्या पेरानं त्याची कड चाचपली, जणू तीही वाकडी निघेल. मेहुणा भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्रातल्या शिरा बघत राहिला.

“कुणी नाही,” दाजी म्हणाले. “माझाच आळस.”

ताई रडायला लागली. “तरी मी म्हणत होते, माझ्या भावाला एकदा दाखवा!”

“अगं, त्याला कशाला उगीच त्रास,” दाजी म्हणाले आणि हसले. मेहुण्याला त्या हसण्यापेक्षा एक थोबाडीत चालली असती.

त्यानंतर जेवणाच्या टेबलावर नक्कल झाली नाही. त्याऐवजी दाजींनी एक मागणं मागितलं, आणि सगळ्यांना गहिवरून आलं: “मला आता उडवता येत नाही. पण मेहुण्याचा जोडीदार म्हणून उभा राहीन. आहे तोवर.” वकिलानं स्वतः टाळ्या वाजवल्या. आंधळा जोडीदार कुठल्या नियमात बसतो हे कुणी विचारलं नाही.

मग दर रविवारी तेच. मेहुण्यानं दाजींना हाताला धरून माळावर न्यायचं, शेजारी उभं करायचं, विमान फेकायचं, वर बघायचं. आणि दाजींनी त्याच्या कानाशी, फक्त त्याला ऐकू जाईल असं, अधूनमधून विचारायचं, “कुठंय? गोल आहे ना?” बस, एवढंच. दुकानाचं नाव नाही, कागदाचं नाही. तो वाट बघायचा, आज बोलतील, उद्या बोलतील. ताईचा फोन आला की तो घंटा संपेपर्यंत वाजू द्यायचा आणि मग स्वतः परत लावायचा.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीला तोच पुढे होता. थर्मल असा जबरदस्त लागला की विमान डोळ्यांदेखत लहान होत टाचणीच्या डोक्याएवढं झालं. पहिला नंबर आता फक्त नजर न काढण्याचा प्रश्न होता. आणि शेजारून दाजी हलकेच म्हणाले:

“काय रे, त्या कागदाची छपाई कधी दुरुस्त झाली का?”

त्यानं दाजींकडे पाहिलं.

पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पुन्हा वर पाहिलं तर वर आभाळ होतं, स्वच्छ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्यात काहीही नव्हतं. त्याचे गुडघे एकमेकांवर आपटले, आणि हात आपोआप पुढे झाले.

“घ्या, दाजी, घ्या! दिसत नाहीये, दाजी!”

भर मैदानात, सगळ्यांसमोर, चिरक्या आवाजात. वीस वर्षांच्या नकलेतला एक सूरही चुकला नव्हता.

दाजींनी चाचपडत रिमोट घेतला. पट्टा गळ्यात अडकवला, अंगठे जागेवर ठेवले, मान तिरकी केली. कुणी हसलं नाही, वकीलसुद्धा नाही. मेहुणा हात जोडल्यासारखा उभा राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“दिसतंय, दाजी?”

“हो रे,” दाजी सावकाश म्हणाले. अंगठा त्यांनी डावीकडे झुकवला आणि तसाच धरून ठेवला. “छान चाललंय. असंच गोल ठेवतो.”