कडूबाईच्या हातचा तीळ

कडूबाईच्या आधीची चार भावंडं जगली नाहीत, म्हणून पाचवी झाली तेव्हा आईबापानं तिचं नाव कडू ठेवलं. कडू घास यम थुंकून टाकतो, असा त्यांचा अंदाज. अंदाज बरोबर निघाला. मी तिला नीट पाहिली तेव्हा तिची साठी उलटून गेली होती आणि यमानं अजून तिला तोंड लावलं नव्हतं.

ती गोंदणारी होती. आमचं गाव जामखेडपासून चार कोसांवर. दरसाल चैत्रात जत्रेच्या आधी तिच्या माणसांची पालं ओढ्याच्या माळावर पडायची आणि दुसऱ्या दिवशी ती झोळी घेऊन घरोघर फिरायला लागायची. झोळीत दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या तीन सुया, काजळाची डबी, कसल्याशा पाल्याचा रस आणि हळद. पसाभर ज्वारी झोळीत पडली की ती अंगणात बसायची, पोरीचा हात मांडीवर घ्यायची आणि सुई चालवता चालवता असं काहीबाही बोलायची की पोरगी रडायचं विसरून हसायला लागायची. माझ्या हातावरची तुळस तिचीच. माझ्या आईच्या दंडावरचा विंचूही तिचाच. ती म्हणायची, सोनं सरणावर काढून घेतात, गोंदण कुणाला काढून घेता येत नाही.

पण मी सांगते ते एकाहत्तर साल. तोवर पोरींना तुळस नकोशी झाली होती. दिवस सिनेमाचे आले होते. गावातली पोरं राजेश खन्नासारखा गुरुशर्ट शिवून घ्यायला शिंप्याच्या ओट्यावर जाऊन बसायची. ज्यांना शर्ट जमत नव्हता ती देव आनंदसारखा केसांचा कोंबडा काढायची, त्याला कितीही खोबरेल लागो. मास्तरांच्या मुलीनं कपाळावरचे केस कापून साधना कट केला, तर तिच्या आजीनं महिनाभर तिच्या डोईवरचा पदर ढळू दिला नाही. चहावाल्यानं तर खंडोबाच्या तसबिरीशेजारी हिरोचं कॅलेंडर लावलं आणि उदबत्ती मधोमध खोचली. कुणालाच वाईट वाटायला नको. अशात कडूबाईच्या तीन सुयांना कोण विचारणार? दिवसभर फिरून ती मोकळी झोळी घेऊन पालावर जायची.

जत्रेत सिनेमाचा तंबू यायचा. त्या तंबूवाल्याची एक रीत होती. पडदा तंबूच्या मधोमध. पुढच्या अंगाला बाप्ये बसायचे, मागच्या अंगाला बाया. मशीन बाप्यांच्या बाजूला, आम्हाला पडद्यातून आरपार दिसायचं. बायामाणसांची अब्रू राहते, म्हणून गावालाही ते पटलेलं. आमच्या आण्णांना, म्हणजे वडिलांना, मात्र सिनेमाच पटत नव्हता. म्हणून साळूवहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, आणि मी कीर्तनाला जातो म्हणून सांगून निघायचो. घरचे कंदील लागले की तंबूत खेळ लागायचा. सलग तीन दिवस आम्ही कीर्तन केलं.

त्या सिनेमातल्या नटीचं नाव आम्हाला माहीत नव्हतं. तिच्या उजव्या गालावर, ओठाच्या जरा वर, एक तीळ होता, म्हणून आम्ही तिला तीळवाली म्हणायचो. ती हसली की आधी तीळ हसायचा आणि मग ती. आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली होती. ती डाव्या हातानं जेवायची. हिरो पत्र लिहायचा तेही डाव्या हातानं. वहिनीनं त्याचा अर्थ लावला की सिनेमावाले निवडून निवडून डावखुरीच माणसं घेत असावेत. सुरुवातीला पडद्यावर अक्षरं यायची. मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण मला त्यातलं एकही लागेना. मला वाटलं, हिंदी आहे, अवघड असणारच.

मला तसला तीळ पाहिजे होता. अठरावं लागलं होतं, रंग सावळा, नाक बसकं. दोन ठिकाणचे पाहुणे येऊन चहा पिऊन गेले होते, ते गेलेच. तिसऱ्यांदाही नकार आला तर खर्ड्याच्या बिजवराला हो म्हणायचं, असं आण्णांनी आईला सांगितलेलं मी दाराआडून ऐकलं होतं. तो बिजवर आण्णांपेक्षा दोनच वर्षांनी लहान होता. मला वाटलं, एक तीळ असता तर काही बिघडलं नसतं.

कडूबाईला मी गोठ्यामागं गाठलं. तिनं विचारलं, कुठल्या गालावर? मी म्हटलं उजव्या. तर म्हणाली, बघितल्याशिवाय मी सुई लावत नाही. आणि खरंच त्या सांजेला ती आमच्याबरोबर तंबूत आली. सगळ्यात पुढं, पडद्याला नाक लागेल अशी बसली. हातात कोळशाचा तुकडा. तीळवाली आली की ही आपल्या गालावर बोटानं जागा चाचपायची. खेळ संपला तेव्हा कडूबाईच्या सुरकुतलेल्या उजव्या गालावर ओठाच्या वर, बरोबर तिथंच, कोळशाचा ठिपका होता.

सकाळी तिनं माझ्या गालावर तीळ घातला. मग माझा बघून दुसरीनं, तिचा बघून तिसरीनं, असं करत आठवड्यात अकरा पोरींनी घातला. कडूबाईची झोळी खांद्याला पेलवेना. ती तीळवाली कुठं मुंबईत राहत असेल, तिनं आमच्या कडूबाईच्या पालावर पंधरा दिवसांची ज्वारी पाठवली. तिला ते कधी कळलंही नसेल.

आईनं तीळ पाहिला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. कपाळावरचा, हनुवटीवरचा ठिपका घरंदाज. हा ओठावरचा कुठल्या घराण्यातला, असं तिचं म्हणणं. त्यातच निरोप आला की श्रीगोंद्याकडचे पाहुणे रविवारी येताहेत. मग लिंबू झालं, मीठ झालं, चुना झाला. तीळ तसाच, भोवतालचा गाल मात्र भज्यासारखा फुगला. आण्णांनी कडूबाईला बोलावून घेतलं आणि हे काढ म्हणाले. ती म्हणाली, घालायची सुई आहे, काढायची सुई अजून कुणी केलेली नाही. त्यावर आण्णांनी तिला पुन्हा अंगणात पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं. शनिवारी तिच्या माणसांनी पालं मोडली आणि गाढवांवर संसार लादून ती माणसं पुढच्या गावाला गेली. कडूबाई गेली नाही. का, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी पाहुणे आले. रंगनाथराव, म्हणजे मुलाचे वडील, त्यांची बायको बनुबाई आणि मुलगा गोरक्ष. ओसरीवर सतरंजी टाकलेली. मला चालायला लावलं, केस किती ते पाहिलं, भाकरी थापता येते का विचारलं. मुलगा एक शब्द बोलत नव्हता. गुरुशर्टच्या बाहीचा दोरा ओढत बसला होता. बनुबाईंची नजर करारी. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

“तीळ जन्माचा का?”

आई म्हणाली, “व्हय, जन्माचाच. देवानंच दिलाय.”

तेवढ्यात अंगणापलीकडून आवाज आला. “देवानं न्हाई दिला. म्या दिलाय.”

कडूबाई होती. अंगणात पाय ठेवायचा नाही म्हणून ती अंगणाच्या बाहेर, दगडी भिंतीला टेकून सकाळपासून बसली होती. तिथूनच बोलली. “तीन सुयांचा हाय. आज जन्माचा म्हनाल आन् उद्या नांदायला गेल्यावर कुनीतरी खरं सांगंल. मंग पोरीनं जलमभर खाली मान घालायची का? आन् माझ्या हातचं काम हाय, त्ये देवाच्या नावावर का लावता?”

आण्णांचं तोंड लाल झालं. मी सारवलेल्या जमिनीवरची भेग बघत होते. ती भेग सरळ खर्ड्याला जाते असं मला दिसत होतं.

अशा वेळी तो न बोलणारा मुलगा बोलला. हळूच म्हणाला, “पन तिचा तीळ तर डाव्या गालावर हाय.”

रंगनाथरावांनी विचारलं, कुणाचा? मुलगा चपलांकडं बघायला लागला.

बनुबाई त्याच्यावरच उखडल्या. “डाव्या कुठला? उजव्या. डोळे हायेत का काय तुला?”

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की आपण काय बोललो.  रंगनाथराव बायकोकडं वळून म्हणाले, “आन् तुला काय म्हाईत?”

बनुबाईंनी पदर सारखा केला. मग हळूहळू निघालं, की त्यांच्याही गावच्या जत्रेत तोच तंबू आला होता आणि त्या जावेबरोबर दोनदा गेल्या होत्या, घरी हरिपाठाला जाते म्हणून सांगून. पण तीळ उजव्या गालावरच, हे त्या सोडेनात. मुलगा म्हणे, मी पाच वेळा पाहिलाय, डाव्या. भिंतीपलीकडून कडूबाई म्हणाली, मी कोळसा घेऊन बसले होते, उजव्या. माझं लग्न बाजूलाच राहिलं. त्या परक्या बाईचा गाल सगळ्यांनी वाटून घेतला.

रंगनाथराव गावच्या भांडणांत पंच म्हणून बसणारे. त्यांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि बायकोला विचारलं, “ती जेवती कुठल्या हातानं?”

“डाव्या. सिनेमातली समदीच डाव्या हातानं जेवत्यात.”

स्वयंपाकघरातून साळूवहिनीला राहवलं नाही. “व्हय, पत्र बी डाव्या हातानंच लिवत्यात,” म्हणाली, आणि तिथंच आमचं तीन दिवसांचं कीर्तन आण्णांना कळलं.

रंगनाथरावांनी विचारलं, “बाया बसत्यात कुठं, तंबूत?”

पडद्यामागं, बनुबाई म्हणाल्या.  रंगनाथरावांनी खांद्यावरचं विरलेलं उपरणं काढलं. त्यावर चहाचा एक डाग होता. बायको आणि मुलगा यांच्या मधोमध त्यांनी ते उजेडात ताणून धरलं आणि दोघांना विचारलं, डाग कुणीकडं? मुलगा म्हणाला, माझ्या उजव्या हाताला. बनुबाई म्हणाल्या, माझ्या डाव्या. दोघंही खरं सांगत होते.

आधी रंगनाथरावांचं पोट हलायला लागलं. मग मुलगा, मग आई, आणि शेवटी आण्णांना मिशीवर हात ठेवायला लागला. बनुबाई स्वतः डोळ्याला पदर लावून हसल्या. मला सारखं ते न लागलेलं हिंदी आठवत होतं.

कडूबाई तेवढी हसली नाही. तिचं तोंड उतरलं. “म्हंजी अकरा पोरींच्या गालावर मी उलटं गोंदलं,” ती म्हणाली. चाळीस वर्षांत तिच्या हातून तुळशीचं एक पान चुकलं नव्हतं, आणि आता ज्या कामावर तिची झोळी भरली तेच चुकलं होतं, तेही पुसता न येणारं.

बनुबाईंनी हसणं थांबवलं. “उलटं कसलं, मावशे? आमास्नी जशी दिसली तशी गोंदली. बाप्यांना दिसली ती त्येंची त्येंनी बघावी.” मग आईकडं वळून म्हणाल्या, “पोरगी पसंत हाय. हरिपाठाला जायला मला घरातच सोबत झाली.”

आण्णा उठले, अंगण ओलांडून भिंतीपाशी गेले आणि कडूबाईला म्हणाले, “आत ये. च्या घे.” त्यांना माफी मागता येत नव्हती. तिला ते कळत होतं. तिनं आत येऊन दोन कप घेतले.

वैशाखात लग्न झालं. हळदीला कडूबाई पायी चालत आली आणि पहिलं बोट तिळावर लावलं. बनुबाईंनी, आता माझ्या सासूबाईंनी, तिला हिरवं लुगडं नेसवलं. पुढच्या साली पावसानं दगा दिला आणि आम्ही सगळेच खडी फोडायच्या दुष्काळी कामावर गेलो, तर तिथं त्याच लुगड्यात कडूबाई हातोडा घेऊन बसलेली. दुपारच्या सुट्टीत बाया तिच्याभोवती जमायच्या. बोटं दगडानं सोललेली, तरी सुई धरली की हात स्थिर. कुणी तीळ मागितला की विचारायची, बाप्यांचा घालू का बायांचा? एकीनंही बाप्यांचा मागितला नाही.

नंतर एकदा मालकांनी मला नगरला थेटरात नेलं. खुर्चीवर, पडद्याच्या पुढून. तीच तीळवाली होती. तीळ डाव्या गालावर, जेवण उजव्या हातानं, सगळं जगासारखं. मालक कानाशी म्हणाले, बघ, मी काय सांगत होतो. मी बघितलं. बाई छान होती, पण माझ्या ओळखीची नव्हती. माझी ती पडद्यामागची. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, कुठल्या गालावर? मी म्हटलं, उजव्या. त्या सुखानं झोपल्या.

कडूबाई गेल्याचा निरोप मला उशिरा मिळाला, आणि कुठं गेली तेही नीट कळलं नाही. फिरत्या माणसांचं असंच. तिच्या नावानं कुठं दिवा लावावा, तर जागा नाही. खर्ड्याच्या वाटेनं जाणारं माझं आयुष्य तिनं भिंतीबाहेर बसून एका खऱ्या शब्दानं वळवलं. मग मीच ठरवलं. दर चैत्रात पसाभर ज्वारी घेते, इथं सासरच्याही अंगणाच्या भिंतीबाहेर जाते आणि पाखरांना टाकते. नातवंडं विचारतात, आजी, अंगणात का नाही टाकत? मी सांगते, तिची बसायची जागा ती आहे.