शेवटचं रीळ जळालेला पिच्चर

बहात्तरच्या दुष्काळात नायगावजवळ पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा सरजाबाई आणि तिचा नवरा लिंबाजी तिथं माती वाहत होते. लिंबाजी भला माणूस, पण मुलखाचा घुमा. सरजाबाईला मात्र बोलल्याशिवाय अन्न पचायचं नाही.

एका संध्याकाळी शंकरप्पाची टुरिंग टॉकीज तंबू घेऊन कामाशेजारी उतरली. पिच्चर जुनाट, सिनेमाला नुकती वाचा फुटली होती तेव्हाचा. नटनट्यांची नावं कुणाला ठाऊक नव्हती. आवाजात खरखर, पडद्यावर रेघाच रेघा. वकिलाच्या हट्टी पोरीनं लग्नाला नाकारलेला एक गोलमटोल माणूस आचारी बनून तिच्याच घरात शिरतो. रोट्या करपवतो. ती खवळते, तो गाण्यातच माफी मागतो, ती गाण्यातच शिव्या घालते. त्यात कुणी मरत नव्हतं, कुणी उपाशी नव्हतं. भांडणसुद्धा इतकं गोड असतं, हे सरजाबाईला नवंच होतं. ती पोट धरून हसली. पोरीनं आचाऱ्याला ओळखलं, तेवढ्यात पडदा पांढरा झाला. लोक धूळ झटकून उठले.

तिच्या जिवाला घोर लागला. कामावर वाटलेली सुकडी खाताना, पाटी उचलताना एकच: पुढं काय झालं? तंबू मुदखेडला गेल्याचं कळलं, तशी ती सुट्टीच्या दिवशी लिंबाजीला ओढत तिकडं गेली.

शंकरप्पा म्हणाला, "बाई, शेवटचं रीळ जळालंय. म्या बी बघितलं न्हाई."

"मग खेळ लावता कशाला?"

"दुष्काळात नवा पिच्चर कोण देतंय आमाला?"

त्या दिवसापासून कामावरच्या बायांना ती पिच्चर सांगू लागली. शेवट दरवेळी वेगळा. कधी पोरगी पळून जायची, कधी आचारी. एकही तिच्या मनाला पटेना.

पुढं दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. कचेऱ्यांची बांधकामं निघाली, म्हणून दोघं तिकडं गेले. एकदा भाकरीच्या सुट्टीत तिनं सांगता सांगता वकिलाला पोरीच्या लग्नाला राजी केलं आणि पिच्चर संपवला.

"तसं न्हाई," शेजारी जेवणारा लिंबाजी एकाएकी म्हणाला. "ती आचाऱ्याला म्हणती, करपलेली भाकर चालंल, पर गाणं रोज पायजे."

बाया खो खो हसल्या. लिंबाजी कानापर्यंत लाल झाला.

"अवो, मग इतकी सालं बोलला का न्हाईत?" सरजाबाईनं विचारलं.

"तू कवा इचारलंस?"

तिला बरं वाटायला हवं होतं. पण नवीच तगमग सुरू झाली. ह्या माणसानं आणखी काय काय पोटात ठेवलंय? सुट्टी संपली, तो घमेलं घेऊन निघाला, तरी ती त्याची पाठ सोडेना.