खोदू नका, उकरा

“ताई, खोदू नका. उकरा.” असं म्हणत मावशी माझ्या हातातली कुदळ काढून घ्यायच्या आणि खुरपं द्यायच्या.

नाशिकजवळ गोदाकाठी जुन्या वस्तीच्या एका टेकाडावर आमचं उत्खनन चालू होतं. मी नुकतीच शिकून आलेली. मावशी घोटीकडच्या, भाताची कामं उरकली की आमच्याकडे मजुरीला येणाऱ्या. ‘उत्खनन’ हा शब्द मला फार भारदस्त वाटायचा. उकरणं हे कोंबड्यांचं काम, असं मी एकदा म्हणालेही.

“कोंबडी दाणा फोडत नाय, ताई. तुम्ही सकाळपासून दोन मडकी फोडली.”

फोडली होती खरी.

तुम्ही त्यांना काम करताना पाहायला हवं होतं. पदर खोचून उकिडव्या बसायच्या आणि बोटांनी माती अशी सारायच्या, की जणू आत कुणी झोपलंय. एकदा मातीचा इवलासा बैल निघाला. त्याच्यावर फुंकर घालून म्हणाल्या, “बस बाबा आता उन्हाला.”

एका दुपारी मी खड्ड्यात उतरून नकाशा काढत होते. आदल्या दिवशीच्या अवकाळी पावसाने खड्ड्याची बाजू भिजली होती. ती एकदम ढासळली. मी छातीपर्यंत गाडले गेले, डावा पाय दगडाखाली अडकला, श्वास पुरेना. वरून गडी फावडी घेऊन धावले.

“फावडी टाका खाली,” मावशी म्हणाल्या. “माणूस हाय आत. हातानं उकरा.”

आणि त्याच आधी उतरल्या. दुसरी बाजूही पडेल म्हणून उत्खननाचे प्रमुख साहेब वरून थांबवत होते, त्यांनी ऐकलं नाही. आधी छातीवरची माती काढली, मग पोटावरची. सारा वेळ मला बोलतं ठेवलं. “घरी कोण कोण हाय, ताई? आईचं नाव काय?” मी सांगत राहिले. पाय मोकळा झाला तेव्हा त्यांच्या दोन बोटांची नखं निघाली होती.

पाय प्लास्टरमध्ये घालून घरी पडले असताना मी शब्दकोश उघडला. उत्खनन म्हणजे ‘उत्’, वर, आणि ‘खन्’, खणणं. उकरणं आलंय ‘उत्’ आणि ‘कॄ’पासून. कॄ म्हणजे विखुरणं. माती वर काढून बाजूला पसरायची, एवढाच अर्थ. दोन्ही शब्द एकाच घरचे निघाले. एक पुस्तकात राहिला, दुसरा झिजत झिजत शेतात गेला. मी लगेच फोन लावला.

“मावशी, तुमचा शब्द माझ्या शब्दाइतकाच जुना आहे.”

“असंल. पाय टेकतो का आता?”

पुढच्या हंगामात त्या कामावर आल्या नाहीत, फोनही लागेना. म्हणून मी त्यांच्या गावी गेले. सून दारात आली. तिने माझ्या तोंडाकडे पाहण्याआधी पायाकडे पाहिलं.

“त्या ताई ना तुम्ही? आत्या श्रावणात वारल्या. शेवटपर्यंत इचारायच्या, ताई नीट चालती का?”

मी चपला काढल्या आणि तिच्यासमोर अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं.