वस्तऱ्याच्या पाठीवरची टेप

मला दाढी येते. पाळी गेली त्या वर्षापासून हनुवटीवर राठ केस उगवायला लागले आणि मी रोज सकाळी वडिलांच्या वस्तऱ्यानं ते काढते. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं.

आधीचे उपाय सगळे करून झाले होते. राजारामपुरीतल्या पार्लरमध्ये दोरा फिरवून घेतला, तर पुटकुळ्या उठल्या. क्रीमनं कातडी भाजली. शेवटी शोकेसमधला वस्तरा बाहेर काढला. लहानपणी वडील दाढी करायचे तेव्हा मी आरसा धरून उभी असायचे, त्यामुळं धार लावणं बघून बघून माहीत होतं. ओल्या दगडावर वस्तरा आडवा निजवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, आणि हलक्या हातानं फिरवायचा. यात पाठही थोडी झिजते आणि तिच्यावर चकचकीत पट्टा पडतो.

तो पट्टा माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत खुपायला लागला.

"पाठीला टेप लावून घासत जा की. व्हिडिओत सगळी तसंच करत्यात. वडलांची आठवण हाय, खराब हुईल."

मी म्हटलं, टेपनं पाठ उचलली जाते आणि धारेचा कोन बदलतो. दोन्ही बरोबरीनं झिजली तर कोन आहे तसा राहतो. वडिलांनी कधी टेप लावली नव्हती, मीही लावणार नाही. यावरून आमचं बरेच दिवस वाजत होतं. मला वाटलं, माणसाला खरंच वस्तऱ्याची काळजी आहे.

मग मुलीला बघायला चंदगडकडची मंडळी येणार असं ठरलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. त्या दिवशी सकाळी बघते तर शोकेसमधल्या मिटलेल्या वस्तऱ्याच्या पाठीवर काळी टेप!

"पट्टा दिसला की वापरात हाय हे कळतंय," नवरा म्हणाला. "आई दाढी करती म्हटल्यावर पोरीकडं कसं बघतील?"

म्हणजे काळजी वस्तऱ्याची नव्हतीच, त्याला माझी लाज वाटत होती. इतका संताप आला की टेप तिथंच ओरबाडून काढली आणि वस्तरा मुद्दाम काचेजवळ ठेवला.

मुलाच्या वडिलांची नजर बसल्या बसल्या तिकडं गेली.

"पाठ घासलीया. चालू वस्तरा दिसतोय. कोण वापरतंय?"

"मीच की," नवरा म्हणाला.

पाहुण्यांनी त्याच्या मूठभर दाढीकडं नीट बघून घेतलं. मला हसू आवरेना.

"माझ्या वडिलांचा आहे," मी म्हटलं. "मी वापरते. हनुवटीला."

मुलाच्या आईनं पदर सावरला, नवऱ्यानं मान खाली घातली. माझ्यापुरती मला कुणाची पर्वा नव्हती, पण स्वयंपाकघराच्या दारात मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिला बघून आपण पोरीचं वाटोळं केलं, असं वाटलं.

ती पुढं आली. ट्रे टीपॉयवर ठेवला आणि सरळ मुलाकडं बघून म्हणाली, "मी आईवर गेलीया. उद्या मलाबी येणार. चालत नसंल तर आत्ताच सांगा. पोहे मात्र खाऊन जावा."