बाईंनी न विकलेली बंदूक

इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलला आमच्याकडे चोरी झाली ती मंगळवारी, भर दुपारी. मी ऑफिसात होते, सहा वर्षांची मुलगी शाळेत आणि नवरा बर्मिंगहॅमच्या प्रोजेक्टवर. तो सोमवारी पहाटे जायचा आणि शुक्रवारी यायचा. मुलीला घेऊन घरी आले तर मागच्या अंगणात उघडणारं पॅटिओचं दार सताड उघडं, कपाटातलं सगळं कार्पेटवर आणि माझे लग्नातले दागिने गेलेले. पोलीस आले, सभ्यपणे बोलले, क्राइम रेफरन्स नंबर दिला आणि गेले.

दागिन्यांचं दुःख महिनाभरात बोथट झालं. मुलीची भीती मात्र जाईना. एकटी वर जायला ती तयार नसायची. बाथरूमला जायचं तरी मी जिन्याखाली उभं राहून काहीतरी बोलत राहायचं. "तू बोलली की माझा भीती जातो," असं ती तिच्या मराठीत सांगायची.

माझे वडील विदर्भात वनखात्यात होते. आमच्या क्वार्टरमध्ये परवान्याची दुनळी बंदूक असायची. ती झाडलेली मी कधी ऐकली नाही, पण ती आहे म्हणून आई निर्धास्त असायची. तेव्हा मीही ठरवलं, आपणही एक घ्यायची. नवऱ्याला फोनवर सांगितलं.

"अगं, हे इंग्लंड आहे," तो म्हणाला.

"इंग्लंडमध्ये बंदुकांची दुकानं आहेत. मी पत्ता शोधलाय."

दुकान गावाबाहेरच्या रस्त्यावर होतं, एका पबला लागून. त्या शनिवार-रविवारी नवरा प्रोजेक्टवरच अडकला होता, म्हणून शनिवारी मुलीला मैत्रिणीकडे सोडून मी गेले. लॅपटॉप घेताना करावी तशी प्रश्नांची यादी केली होती: वजन किती, धक्का किती बसतो, नवशिक्याला कुठली झेपते. काउंटरमागे पासष्टीच्या एक बाई होत्या. आखूड पांढरे केस, कोपरांना ठिगळ लावलेला स्वेटर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

माझी यादी त्यांनी नीट वाचली आणि बाजूला ठेवली. म्हणाल्या, "दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि माझ्या नाकाकडे बोट करा." मी केलं. "हात उजवा, पण नेम धरायला डोळा डावा चालतो तुमचा. बऱ्याच बायकांचं असतं. हे आधी कळलेलं बरं." मग त्यांनी एकेक बंदूक बिजागरीशी वाकवून उघडून, आत काडतूस नाही हे दाखवून माझ्या हातात दिली. पहिलीचा दस्ता इतका लांब होता की माझा हात ट्रिगरपर्यंत पोचेना. "उंच पुरुषांसाठी बनवतात सगळ्या," त्या म्हणाल्या. दुसरी जड. तिसरी हलकी, पण "हलकी बंदूक खांद्याला जास्त लाथ मारते." चौथी खांद्यावर टेकवली तेव्हा त्यांनी माझं कोपर उचललं, गाल किंचित खाली दाबला आणि मागे सरकून बघितलं. पुण्यात माझा ब्लाउज शिवणाऱ्या बाई असंच दोन पावलं मागे जाऊन बघायच्या. ही अगदी मापाची होती.

"छान. आता सांगा, कशासाठी हवी? क्ले शूटिंग, तबकड्या फोडायला?"

"घरासाठी," मी म्हणाले. "परत चोर आला तर. लहान मुलगी आहे, ती फार घाबरते."

त्यांनी माझ्या हातातून बंदूक घेतली, रॅकमध्ये ठेवली आणि साखळीला कुलूप लावलं. मग दारावरची पाटी फिरवून दुकान बंद केलं. मला वाटलं, आता हाकलणार. त्यांनी किटली लावली.

"हे कारण पोलिसांना सांगितलंत तर बंदुकीच्या परवान्याचं सर्टिफिकेट मिळणार नाही. दुसरं कारण सांगितलंत तर मिळेलही, पण खरं काय ते मला माहीत असेल. म्हणून मी तुम्हाला विकणार नाही." आवाजात राग नव्हता. "बंदूक भिंतीला बोल्ट केलेल्या पोलादी कपाटात राहणार. काडतुसं वेगळी. चावी कुठे आहे ते नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. जिन्यावर पाऊल वाजल्यावर हे सगळं उघडून, भरून होईपर्यंत किती वेळ जाईल?"

मी साखळीच्या कुलपाकडे बघितलं.

"आणि मुलीला चावी सापडायला किती दिवस?"

त्यावर मला रडू आलं. त्यांनी चहाचा मग पुढे सरकवला आणि माझं रडणं संपेपर्यंत समोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या अकराला मी घर बघायला येते."

त्या खरंच आल्या, चिखलाने माखलेल्या जीपमधून. मला म्हणाल्या, "सगळं बंद करून आत बसा. मी आता चोर." मुलगी माझ्या मागे उभी राहून बघत होती. मिनिटभरात बाईंनी पॅटिओचं सरकतं दार दोन्ही हातांनी रुळावरून उचललं आणि आत आल्या. मुलीला हसू फुटलं. त्या घटनेबद्दल ती हसलेली मी पहिल्यांदाच बघितली. मग दोघींनी मिळून घराभोवती फेरी मारली. कुठल्या झुडपामागे लपता येतं, कुठल्या कुंडीवर चढता येतं, ते मुलगी शोधून दाखवायची आणि बाई ते कागदावर लिहायच्या. दाराला वर अडसर, मागच्या फाटकाला कुलूप, बाजूच्या वाटेवर वाजणारी खडी, झुडूप कंबरेपर्यंत छाटायचं.

"शेजारी कोण राहतं?" त्यांनी विचारलं.

"एक म्हातारे गृहस्थ आहेत. ओळख नाही." आम्हाला तिथे राहून दोन वर्षं झाली होती.

बाईंनी माझा हात धरला, शेजारी नेलं आणि बेल वाजवली. गृहस्थांनी दार उघडलं. ते निवृत्त शिक्षक निघाले. चोरीचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "गेल्या महिन्यात, मंगळवारी? तुमच्या दारात पांढरी व्हॅन होती. मी खिडकीतून पाहिली. वाटलं, तुमच्याकडे काही काम चाललंय. विचारावंसं वाटलं होतं, पण आपलं कधी बोलणंच झालं नाही." मला त्यांच्याकडे बघवेना, कारण नमस्कार-चमत्कार मीच टाळला होता. त्या दिवशी आम्ही एकमेकांकडे किल्ल्या ठेवल्या. पुढच्या आठवड्यापासून मुलगी शाळा सुटल्यावर त्यांच्या ग्रीनहाउसमध्ये टोमॅटोंना पाणी घालायला जाऊ लागली. उन्हाळा संपेपर्यंत जिना तिचा तिला चढता यायला लागला. नेमका कुठला दिवस ते सांगता येणार नाही, माझ्या लक्षातच आलं नाही.

बाईंनी मला आपल्या नेमबाजीच्या क्लबातही नेलं. क्लबच्या बंदुकीने मी मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरायला शिकले. पहिल्या दिवशी एकही फुटली नाही. तिसऱ्या रविवारी एक फुटली, आणि माझ्याहून जास्त आनंद बाईंना झाला. स्वतःची बंदूक मी कधीच घेतली नाही. त्यांनीही परत विषय काढला नाही, जरी ती मापाची बंदूक कितीतरी दिवस रॅकमध्ये पडून होती.

काही वर्षांनी त्यांनी दुकान कायमचं बंद केलं. त्या दुपारी निरोपाला बरेच जण जमले होते, बहुतेक आसपासचे शेतकरी. मी त्या शेतकऱ्यांना माझी हकीकत सांगितली, तर जो तो आपली सांगायला लागला. एकाला बाईंनी बंदुकीसाठी वर्षभर थांबवलं होतं, एकाला चक्क घरी पाठवलं होतं, आणि हे सगळे मोठ्या कौतुकाने सांगत होते. एक उंच, लालबुंद चेहऱ्याचा शेतकरी सगळ्यांच्या मागे उभा राहून ऐकत होता. निघताना तो मला म्हणाला, "माझी बायको वारली त्या आठवड्यात या स्वतः फार्मवर आल्या. म्हणाल्या, तुझी बंदूक सर्व्हिसिंगला नेते. सर्व्हिसिंगची काही गरज नव्हती, पण मी घरात एकटा होतो. हिवाळाभर इथेच ठेवली आणि एप्रिलमध्ये आणून दिली."

आत बाई कप विसळत होत्या. त्याने घातलेली टोपी परत काढली, आणि त्यांना मदत करायला तो आत गेला.